हबीबवर लक्ष

११ डिसेंबर

सोनवणे मॅडम आज जळगावहून आल्या होत्या. दंगलीतून वाचलेल्या लोकांना भेटत फिरणं हे त्यांचं काम. आम्ही धुळ्याकडचं गाव सोडून इकडे बोदवडजवळ आलो तरी त्या पत्ता विचारत येतातच. चहा अर्धा ठेवतात, ही एक त्यांची वाईट सवय.

त्यांनी विचारलं, "नौशीन, कशी आहेस?" मला काय धाड भरलीय! मी म्हटलं, माझं सोडा, हबीबचं बिघडत चाललंय. त्यांनी पिशवीतून ही वही काढून दिली. मग म्हणाल्या, "रोज जमेल तसं लिहीत जा. जे दिसेल, जे वाटेल ते." मी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले, निबंधात कधी कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. तेव्हा हबीबवर लक्ष ठेवायचं आणि इथे लिहायचं. तोंडाने नवऱ्याचं नाव घेत नाही, 'अफिफाचे अब्बा' म्हणते. वहीत हबीबच लिहिणार.

आधी काय झालं ते लिहून मोकळी होते. आम्ही पिंजारी. पुढे गाद्यांचं दुकान, मागे घर. दंगलीच्या दिवशी हबीब बाजाराला गेला होता. सासूबाई मेहरुनबी दुकानात होत्या. लोक आले, दुकान पेटवलं. रुईला पेटायला किती वेळ लागतो हे पिंजाऱ्याच्या सुनेला कोणी सांगायला नको. अफिफा तेव्हा जेमतेम बोलायची. तिला घेऊन मी मागच्या खोलीत गाद्यांच्या थप्पीत शिरले आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला. माणसं खोलीत आली, आमच्या अगदी जवळ उभी राहून बोलली आणि गेली. पोरगी रडली असती तर दोघी गेलो असतो. आग मागे पोचायच्या आत शेजाऱ्यांनी ओढून काढलं. सासूबाई आतच राहिल्या.

हबीबने यातलं काहीच पाहिलं नाही. जे पाहिलेलं नाही ते माणूस मनात जास्त बघत बसतो. म्हणून त्याचं असं झालंय. मी पाहिलंय, त्यामुळे माझा विषय संपला.

१४ डिसेंबर

रात्री उठून बसतो. माझे डोळे उघडतात तेव्हा हा उशाशी, हातात पाण्याचा पेला. "काही नही शे, झोप तू," म्हणतो. स्वतः जागायचं आणि मला झोप म्हणायचं. मी घामाने भिजलेली असते, पण ते पत्र्याच्या छपरामुळे. डिसेंबरात पत्रा गार असतो हे खरं, पण शेवटी पत्रा तो पत्रा.

दुसरी गोष्ट कामाची. मी घरात असले की पिंजणीचं मशीन लावतच नाही. नळावर गेले, बाजाराला गेले की लावतो, मी दारात दिसले की बटण बंद. असा धंदा होतो का? विचारलं तर म्हणतो, "मोटर तापस." मोटर काय मला बघून तापते?

२२ डिसेंबर

तोतारामनानांच्या मळ्यात भरिताचं बोलावणं होतं. नाना म्हणजे आमचे मालक. त्यांच्याच शेडमध्ये आम्ही राहतो. केळी आणि कपाशीची शेती, मोठा आवाज. त्यांची बायको बेबाबाई मला 'पोरी' म्हणते आणि अफिफाच्या खिशात कायम काहीतरी कोंबते. माणसं वाईट नाहीत. पण आमच्या जुन्या गावची माणसंही वाईट नव्हती, म्हणून मी इथेही सावध असते.

बांधाशी कपाशीच्या काड्या रचल्या आणि त्यावर हिरवी लांबोडकी वांगी ठेवली. काड्यांना अजून बोंडं चिकटलेली, बोंडांत कापूस राहिलेला. नानांच्या हितेंद्रने पेटवलं. तेवढ्यात हबीब येऊन माझ्यासमोर उभा राहिला, आगीकडे पाठ करून. मला काही दिसूच देईना. केळीला पाणी किती लागतं, ढगाळ हवा आहे, असं काहीबाही बोलत सुटला. आगीला इतका घाबरतो हा! मला त्याची इतकी दया आली की मी अफिफाचा हात धरला आणि सरळ रस्त्याला लागले. मी निघाले की तोही निघेल, एवढाच विचार.

पुढे नाल्यापाशी अफिफा म्हणाली, "अम्मी, तू पळत का होतीस?"

मी म्हटलं, "अब्बाला बरं वाटत नाही म्हणून."

"अब्बा तर मागून येताय. तुझी चप्पल आणताय."

खाली पाहिलं तर पायात चप्पल नव्हती. काटा भरला होता. बेबाबाईने संध्याकाळी हितेंद्रबरोबर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी पाठवल्या. हबीब आणि अफिफाने खाल्लं. मला भरिताला जळकट वास आला. बाई चांगली आहे पण वांगी जाळते.

३० डिसेंबर

शाळेत बोलावलं होतं. जीवराम सर म्हणाले, मुलगी हुशार आहे, पाढे छान म्हणते, पण घंटा झाली की बाकाखाली जाते. दप्तर पाठीवरून काढत नाही. दाराजवळची जागा दुसऱ्या कोणाला देत नाही. "घरी काही झालंय का?" असं त्यांनी फार हळू विचारलं.

मी म्हटलं, "सर, पोरगी चपळ आहे, यात तक्रार कसली?" बाहेर आल्यावर हबीब म्हणाला, "नौशीन, आपण दोघं एकदा धुळ्याच्या मनाच्या डॉक्टरकडे जाऊ." शेवटी स्वतःहून कबूल झाला! मी म्हटलं, जाऊ, तुमचं बरं होईल.  रस्ताभर अफिफाला खांद्यावर घेऊन चालला, एवढी मोठी पोरगी.

९ जानेवारी

आनंदाची बातमी. नानांच्या रूपालीचं लग्न ठरलं. गाद्या, उशा, लोड, सगळं आमच्याकडे. नवी रुई, नव्या खोळी. इकडे आल्यापासून असं काम मिळालं नव्हतं. बेबाबाई निळ्या फुलांचं कापड घेऊन आली. "पोरी, टाका बारीक घालजो. लेक परक्याच्या घरी निजीन, तिले टोचाले नको." मी म्हटलं, अक्का, माझ्या टाक्याला अजून कोणी नाव ठेवलं नाही.

हे काम नीट झालं तर गावात बस्तान बसेल. हबीबला इथेच राहायचंय. मी म्हटलं, बघू.

१९ जानेवारी

हबीब रुई आणायला गेला की मी आणि अफिफा सराव करतो. मी दार वाजवते, ती जिथे असेल तिथून गाद्यांमागे जायची. हसायचं नाही, नाक ओढायचं नाही. मी हाक मारली तरी बाहेर यायचं नाही. मी 'मेहरुनबी' म्हणेन तेव्हाच यायचं. आज तिला हसू आलं, म्हणून पुन्हा करायला लावलं. मग रडली. रडली तरी आवाज नाही. इतकी शहाणी लेकरं सगळ्यांना मिळत नाहीत.

हे हबीबला सांगत नाही. त्याच्या मनावर उगाच परिणाम व्हायचा.

दुपारी त्याने शेडच्या मागच्या अंगाला पत्रा कापून एक दार बसवलं. मी कधीपासून म्हणत होते की एका दाराच्या खोलीत मला बसवत नाही. पण तेव्हा मी ते हवेसाठी म्हणत होते. याला मात्र सारखी पळून जायची वाट हवी असते. हेही लिहून ठेवते.

२८ जानेवारी

काहीतरी शिजतंय. काल नाना, हितेंद्र आणि हबीब लिंबाखाली बोलत होते. मी पाणी घेऊन गेले तर तिघेही गप्प. नाना मोठ्या आवाजाचा माणूस, गप्प बसला की कसा दिसतो ते काल पाहिलं.

आज हबीब म्हणाला, "शनिवारी अफिफाला घेऊन एरंडोलला तुझ्या बहिणीकडे जाऊन ये. रविवारी ये परत."

"का?"

"कालदी फोन करी राहिनी ती."

माझी बहीण फोन करते तेव्हा मलाच करते. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, त्याने नजर वळवली. शनिवारी काय आहे? गाद्या न्यायला येणार आहेत, एवढंच तर आहे. मग मी का नको? सासूबाई मला त्या दिवशी असंच म्हणाल्या होत्या, "तू पोरीला घेऊन मागे जा, मी आहे पुढे."

मी हो म्हटलं. 

१ फेब्रुवारी

आज लिहवत नाही. अफिफा ठीक आहे.

३ फेब्रुवारी

झालं ते लिहिते, कारण सगळे माझ्याकडे असं पाहताहेत की मीच काही केलं.

शनिवारी सकाळी हबीबने आम्हाला गाडीत बसवून दिलं. जळगावच्या स्टँडवर एरंडोलची गाडी लागलेली होती, पण माझा पाय उचलेना. हबीबला काहीतरी माहीत आहे आणि तो एकटाच पुढे थांबलाय, हेच डोक्यात. मी परत फिरले. अफिफा मावशीकडे जायचं म्हणून रडत होती, तिला केळ्याचे वेफर्स घेऊन दिले.

दुपारी घरी पोचले तर शेड उघडी, हबीब नाही. गाद्या खोळी चढवून, थप्पी लावून तयार. मी हबीबला फोन लावला, तो आतच वाजला. मग रस्त्याकडून ढोल ऐकू आला. आधी ढोल, मग माणसं. खूप माणसं. शिट्ट्या, आरोळ्या. मी दोन्ही दारांना कड्या घातल्या. थोड्या वेळाने कोणीतरी पत्र्यावर थापा मारायला लागलं, "उघडा, उघडा! किती वेळ!" आणि बाहेर सगळे हसले. त्या दिवशीही हसले होते.

मी अफिफाला उचलून थप्पीमागे शिरले आणि वरची गादी अंगावर ओढली. ती म्हणाली, "अम्मी, ढोल आहे, रूपालीताईचा..." तेवढ्यात मी हात ठेवला. ती माझा हात ओढत होती. तेव्हाही ओढलाच होता. मी घट्ट धरलं. नव्या रुईचा वास येत होता. दार हलत होतं. मग तिने ओढायचं थांबवलं. मला वाटलं, चला, शिकली.

कोणीतरी मागचं दार तोडलं आणि गादी उचलली. हबीब होता. "हात काढ," म्हणाला. मी म्हटलं, हळू बोला, बाहेर लोक आहेत. "नौशीन, मी शे. हात काढ. पोरगीना तोंडवरथून हात काढ." मला त्याचं बोलणं कळत होतं, हात ऐकत नव्हता. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. बेबाबाईने अफिफाला ओढून घेतलं, पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, "ये वं माय, ये, ये." ढोल कधी थांबला कळलं नाही. मग अफिफा खोकली.

ओठ निळे पडले होते म्हणतात. खोळीचं कापडच निळं आहे, त्याची झाक पडली असेल.

६ फेब्रुवारी

अफिफा बेबाबाईकडे आहे. बोदवडच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले सगळं ठीक आहे, थोडे दिवस जपा. माझ्यापासून जपा असं कोणी म्हटलं नाही. पण हबीब तिला तिकडेच सोडून आला आणि मी विचारलं तर म्हणाला, "ती म्हने तठे ऱ्हास." म्हणजे तिकडे राहते असं पोरगीच म्हणाली. मला खरं वाटत नाही.

बेबाबाई डबा घेऊन आली. माझ्याशेजारी खाली बसली आणि मला ओरडेल म्हणून मी वाट पाहत राहिले, तर तीच रडायला लागली.

"आमच्या घरी लेकीच्या गाद्या ढोल लावून न्यायची रीत हाये वं. पिंजाऱ्याच्या बाईले आधी लुगडं नेसवायचं, तिच्या हातची गादी मंग उचलायची. तुह्यासाठी लुगडं घेऊन आलती मी. हबीबभाऊ म्हने, अक्का, ढोलाले ती घाबरीन, तिले एरंडोलले धाडतो, तुम्ही तवा येऊन जा. मी म्हटलं, लुगडं कोनाले नेसवू मंग? तो म्हने माझ्या मायच्या नावानं ठेवून द्या. आम्ही आलो तं दार लावेल. पोरायले वाटलं हबीबभाऊच्या कोनी सोयऱ्यानं गंमत म्हणून दार धरलं. लग्नात नेग मागाले दार अडवतेत ना, तशी गंमत."

मी विचारलं, "अफिफाचे अब्बा कुठे होते?"

"आमच्या संगं. ढोलाच्या पुढं. पोरायले सांगत होता, फटाका वाजवू नका रे, हळू चाला."

गाद्या अजून इथेच आहेत. लग्न पुढच्या आठवड्यात आहे. त्या कोणी न्यायला येत नाही आणि मी विचारत नाही.

११ फेब्रुवारी

सोनवणे मॅडम आल्या. मी ठरवलंच होतं की आज हबीबचं सगळं सांगून टाकायचं, त्यालाही समोर बसवून. सुरुवात केली. मॅडम, हा रात्री झोपत नाही.

हबीब खाली बघून म्हणाला, "ती वरडस मॅडम. रोज. नाव लेस मन्ही माय नं. मी पानी देस, ती परत झोपस. सकाळी तिले याद नही ऱ्हात."

मी म्हटलं, खोटं आहे. मशीन लावत नाही, ते सांगा.

"मशीन लावं की ती भिंतले टेकी उभी ऱ्हास. डोळा उघडा, पन माले देखत नही."

मी आगीचं सांगितलं, मागच्या दाराचं सांगितलं. तो प्रत्येक वेळी आधी थांबायचा, माझ्याकडे बघायचा, मग बोलायचा. आवाज चढवला नाही. माझी बाजू एकेक करून माझ्याच हातातून जात होती आणि मला त्याचा इतका राग आला की पेला फेकून मारावासा वाटला. मी ओरडले, "मग इतके दिवस बोललात का नाही?"

तेव्हा तो रडला. "माले वाटनं, तुले सांगं तं तुनी हिंमत जाई. बठ्ठं घर तुन्हा हिंमतवर चाली राहिंतं. आनि सांगं नही म्हनीसन पोरगी जाती राहती."

मॅडमनी मला समजावलं नाही, धीर दिला नाही. फक्त विचारलं, "अफिफाच्या तोंडावर हात होता तेव्हा नौशीन, तू कुठे होतीस?"

मी म्हटलं, "घरी. मागच्या खोलीत."

"कुठल्या घरी?"

मी खाली पाहिलं.  मला आमच्या जुन्या घराची फरशी दिसत होती.

आज मॅडम पूर्ण चहा प्यायल्या.

१३ फेब्रुवारी

रूपालीच्या गाद्या सकाळी गेल्या. हितेंद्र एकटाच बैलगाडी घेऊन आला, ढोल नाही, माणसं नाहीत. मी खोळींचे कोपरे पुन्हा एकदा पाहिले, एक टाका सैल होता तो घातला आणि हबीबबरोबर गाद्या उचलून दिल्या. हितेंद्र म्हणाला, "वहिनी, आईनं लुगडं ठेवेल हाये. तुम्ही म्हनसान तवा." मी मान हलवली.

दुपारी हबीब अफिफाला घेऊन आला, थोडा वेळ बसायला. तिने माझ्यासाठी नानांच्या मळ्यातले पेरू आणले होते. शाळेत बक्षीस मिळालं ते सांगितलं. माझ्याशी छान बोलत होती, पाहुणीसारखी. मग स्वतःच फणी घेऊन आली आणि पाठ करून माझ्यासमोर बसली, "अम्मी, वेणी."

मी हात पुढे केला. माझा हात केसांना लागायच्या आधीच तिने छाती भरून श्वास घेतला आणि कोंडून धरला. खांदे वर झाले, मान ताठ. मला कळू नये म्हणून ती पायाच्या अंगठ्याशी खेळत होती.

हबीबने पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर घेतले. फणी त्याला दिली. त्याने वेडीवाकडी वेणी घातली, तेव्हा पोरीने श्वास सोडला. तो आवाज मी ऐकला.

ती गेल्यावर मॅडमना फोन केला. सोमवारी धुळ्याच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. दवाखान्यातून पेशंटचं नाव विचारलं, मी म्हटलं, "नौशीन हबीब पिंजारी."